तिसरी पट्टी

ब्रेडा ट्वोमीने एक घोट घेतला, ग्लास टेबलावर ठेवला आणि बोटाने हळूच दूर सारला.

"ही डोनलची नाही," ती म्हणाली.

आयर्लंडमधल्या पॅसेज वेस्ट गावातल्या तिच्या स्वयंपाकघरात त्या रविवारी दुपारी अकरा माणसे उभी होती आणि अकराही जणांच्या हातात ग्लास होते. डोनल ट्वोमीला जाऊन त्या दिवशी एक वर्ष झाले होते. कॉर्कच्या बंदरात मोठ्या जहाजांना वाट दाखवणाऱ्या बोटीवर त्याने नोकरी केली आणि घरामागच्या शेडमध्ये बिअर बनवली. त्या बिअरचे यीस्ट त्याने एकतीस वर्षे जगवले होते. एका खेपेच्या तळाचा साका बरणीत भरून थंड ठेवायचा आणि पुढच्या खेपेला तोच घालायचा. आपल्याकडे विरजण राखतात तसे. त्या यीस्टने बिअर काचेसारखी नितळ होई, आणि तिला संत्र्याच्या सालीच्या मुरंब्याचा कडसर वास येई.

समोरच्या ग्लासांतली बिअर गढूळ होती. तिला फुगलेल्या कणकेचा वास येत होता.

डोनल गेल्यावर ब्रेडाने दुःखाच्या भरात शेडमधला फ्रीज बंद करून रिकामा केला होता. त्यामुळे ते यीस्ट उरले होते एकाच बरणीत, जी डोनलने मरणापूर्वी क्लबच्या हवाली केली होती. ती बरणी आता संपली होती. वर्षश्राद्धाच्या दिवशी विधवेच्या हाती कुणा परक्याची बिअर ठेवण्यात आली होती, आणि ठेवणारा त्या खोलीतच होता.

क्लबचा सचिव फर्गल याने एक निळी फाइल टेबलावर मांडली. ती चंद्रहासची होती.

घरी बिअर करणाऱ्या या क्लबात निम्मी माणसे रिंगास्किडीच्या औषध कारखान्यांतली होती. चंद्रहास त्यांतला सर्वांत ज्येष्ठ. मूळचा अकोल्याचा, अठरा वर्षे आयर्लंडमध्ये, महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्ष आणि तीन वर्षांपासून क्लबचा सदस्य. कारखान्याची शिस्त क्लबात आणणारा तोच. सप्टेंबरपासून बरणी आपल्या घरी ठेवू द्यावी, आपण तिची नोंद ठेवू, असे त्याने सुचवले तेव्हा आयरिश मंडळी भारावली होती. दर शनिवारी फ्रीजचे तापमान लिहायचे. झाकणावरची जुनी चिकटपट्टी काढून नवी लावायची. पट्टीवर तपासणाऱ्याची सही हवी. तपासणारी होती त्याच्याच कारखान्यातली कौमुदी.

फर्गलचा तर्क सरळ होता. वर्षश्राद्धाच्या बिअरसाठी बरणी तोमाशने नेली तोवर पट्टी शाबूत होती. नेल्याचा वार शुक्रवार. त्यानंतर दोन दिवस ती एकट्या तोमाशकडे होती. तेव्हा मूळ यीस्ट स्वतःपाशी ठेवून भलतेच काही परत आणणारा माणूस एकच असू शकतो.

सगळे तोमाशकडे पाहू लागले. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा हा पोलिश माणूस बंदराच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवी. वीस वर्षे तो बिअर बनवत होता, त्यातली बारा डोनलच्या शेडमध्ये. गेले वर्षभर दर शनिवारी तो ब्रेडाला कोळशाच्या विटा आणून देई आणि तिच्या टेबलाशी बसून चहा पिई. कॉर्कमध्ये त्याचे म्हणावे असे ते एकच घर होते.

तोमाशने टोपी उचलली आणि तो निघून गेला. त्याच संध्याकाळी फर्गलने त्याला पत्र धाडले: सध्या क्लबात येऊ नये, हे सर्वांच्या सोयीचे. पुढच्या शनिवारी विटा घेऊन तो आला तेव्हा ब्रेडाने दार उघडले नाही.

कौमुदी त्या रविवारी स्वयंपाकघरात हजर होती, आणि तिने तोंड उघडले नव्हते.

कारखान्यात औषधाची एखादी खेप बिघडली की ती का बिघडली आणि कुणाच्या हातून बिघडली, हे शोधण्याचा तिला पगार मिळे. न पाहता सही करणाऱ्या दोन कामगारांविरुद्ध तिने स्वतः अहवाल लिहिले होते. त्यांतल्या एकाची नोकरी गेली होती. आणि त्या बरणीचे तिने एकदाही दर्शन घेतले नव्हते. ऑगस्टच्या अखेरीस कॅन्टीनमध्ये चंद्रहासने मेणकागदावर चिकटवलेल्या तीन कोऱ्या पट्ट्या तिच्यापुढे ठेवल्या होत्या. दर शनिवारी तू कुठे एवढी माझ्या घरी येणार, तीन आठवड्यांच्या एकदमच करून टाक, असे तो म्हणाला होता. तिने सँडविच खाता खाता तीन सह्या केल्या. हाताच्या सवयीने कोपऱ्यात एक, दोन, तीन असे आकडेही घातले.

जुन्या धर्मशास्त्रकारांनी खोट्या साक्षीला सुरापानाच्या बरोबरीचे पातक ठरवले आहे. त्यांतले सुरापान तेवढे आपण लक्षात ठेवले. बिअरचा शिंतोडा देवघरात उडू नये म्हणून जपणारी सज्जन माणसे साक्षीच्या कागदावर मात्र चहाच्या दोन घोटांमध्ये सही करतात, आणि हात धुवायलाही उठत नाहीत.

कौमुदीला झोप लागली नाही असे नाही. लागली, याचीच तिला सकाळी लाज वाटली.

*

कौमुदी चौकशीला आली तेव्हा तोमाशने तिला गराजमध्ये नेले. सिमेंटच्या फरशीवर पिंपांच्या बुडांच्या गोल खुणा होत्या. पिंपे नव्हती.

"पिंपं कुठे गेली?"

"दिली."

"कुणाला?"

"हवी होती त्याला."

कोपऱ्यातल्या लहान फ्रीजमध्ये बिअरच्या यीस्टची अकरा पाकिटे उभी लावलेली होती: इंग्लिश, बेल्जियन, जर्मन, प्रत्येकावर विकत घेतल्याची तारीख. पावाच्या यीस्टचे एकही नव्हते. घरी पाव करतोस का, असे तिने विचारले. पाव दुकानात मिळतो, असे तो म्हणाला.

"बरणी आणलीस तेव्हा काय केलंस?"

"पट्टी कापली. माल्टच्या काढ्यात यीस्ट घातलं, दोन दिवस जागं होऊ दिलं. रविवारी क्लबात नेलं."

"उघडल्यावर काही वेगळं वाटलं?"

त्याने फ्रीजचे दार लावले. "वास जरा वेगळा होता."

"मग कुणाला विचारलं का नाहीस?"

त्याने खांदे उडवले आणि शेल्फावरची वही काढून तिला दिली. प्रत्येक खेपेची त्यात एक पानभर नोंद होती. डोनलच्या खेपेच्या पानावर कापलेली पट्टी नीट चिकटवलेली होती. वर तिची लपेटदार सही. कोपऱ्यात तिच्या हातचा आकडा: तीन.

कौमुदीने वही उजेडात नेली. मग तिने पट्टीचा फोटो घेतला.

*

चंद्रहासच्या कॅरिगलाइनच्या घरी त्याची आई, विद्याकाकू, जुलैपासून राहायला आल्या होत्या. चंद्रहास कौमुदीला घेऊन बैठकीत बसला. त्याने दार लोटून घेतले.

"तू कशाला यात पडतेस?" तो म्हणाला. "क्लबनं डिसिजन घेतलाय. आपण इथे पाहुणे, कौमुदी. त्यांच्या भांडणात आपण पडायचं नाही."

"तुम्ही अठरा वर्षं पाहुणे आहात, दादा?"

तो हसला. ती हसली नाही.

"बरणी कुठे असायची?"

"स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये. मागच्या बाजूला."

"गणपतीतही? तुम्ही तर घरातली अंडीसुद्धा शेजाऱ्यांकडे पाठवता."

"बरणीवर कुठे बिअर लिहिलं होतं? लेबल होतं डी-३. आपल्या प्लांटसारखा कोड. आईला उगाच कशाला सांगायचं? ते एक कल्चर होतं, बस."

"पट्ट्या कुठे ठेवायचात?"

"ऑफिसच्या बॅगेत. माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही." मग आवाज खाली आणून त्याने जोडले, "आणि हे बघ, पट्ट्यांची पद्धत तुझ्या माझ्यातली आहे. ती बाहेर गेली तर आधी तुझंच करिअर जाईल. मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

धमकी इतक्या मायेने दिली जाऊ शकते, हे कौमुदीला नवीन नव्हते. मात्र ती आपल्याला लागू पडावी, हे नवीन होते.

निघताना ती स्वयंपाकघरात डोकावली. विद्याकाकूंनी तिच्यापुढे चिवड्याची वाटी सरकवली. मंडळाच्या गणपतीत त्यांनी सव्वाशे माणसांची जिलेबी केली होती आणि अजूनही लोक फोन करून कृती विचारत होते. कौमुदीने स्वतः तीन खाल्ल्या होत्या. पाकाच्या गोडीखाली एक कडसर, संत्र्याच्या सालीसारखी चव होती. सगळ्यांना वाटले होते, काकूंची काही खास युक्ती असणार.

"काकू, जिलेबीत संत्र्याची साल किसून घातली होती का?"

"संत्रं? नाही वं बाई. संत्रं कायले घालीन जिलेबीत?"

"मग इथल्या थंडीत पीठ आंबलं कसं?"

"आंबतच नव्हतं ना. त्या गरम टाकीच्या कपाटात ठेवलं, काय तं म्हणता तुम्ही त्याले, हॉट प्रेस. तरी ढिम्म. शनिवारची रात्र, सकाळी तं देवापुढं मांडायचं. मंग घरात होतं ते घातलं. सकाळी भगोण्याबाहेर आलं पीठ."

कौमुदीने वाटी खाली ठेवली. घरात काय होते, हे तिने लगेच विचारले नाही. चंद्रहास दारात उभा होता.

दुसऱ्या दिवशी तो कामावर असताना ती पुन्हा आली, आणि तेव्हा विचारले.

*

त्याच आठवड्याच्या शनिवारी सकाळी तिने तिघांना ब्रेडाच्या घरी बोलावले. फर्गल आला, फाइल घेऊन. चंद्रहास आला, सूट घालून. तोमाश यायला तयार नव्हता. त्याला कौमुदी स्वतः गाडीतून घेऊन आली. तो दाराच्या आत, भिंतीला टेकून उभा राहिला. ब्रेडाने त्याच्याकडे पाहिले नाही.

"मी आधी माझ्याबद्दल बोलते," कौमुदी म्हणाली.

पट्ट्यांची हकीकत तिने न अडखळता सांगितली. बरणी आपण कधीच पाहिली नव्हती. तिन्ही सह्या एकाच दुपारी, कॅन्टीनमध्ये केल्या. फाइलमध्ये तपासणी म्हणून जे काही आहे ते खोटे आहे.

फर्गलने फाइलवरचा हात काढून घेतला.

"मग ही फाइल कशाचाच पुरावा नाही," तो म्हणाला.

"एका गोष्टीचा आहे. फर्गल, बरणी चंद्रहासकडे गेली आणि पहिली पट्टी लागली तो दिवस कोणता?"

"सप्टेंबरचा पहिला शनिवार."

"दुसरी?"

"दुसरा शनिवार."

"तोमाशने बरणी कधी नेली?"

"त्यानंतरच्या शुक्रवारी. तिसरा शनिवार उजाडायच्या आधी."

"म्हणजे त्याने कापली ती पट्टी कितवी असायला हवी?"

"दुसरी."

तिने तोमाशची वही टेबलावर उघडून ठेवली. फर्गलने चष्मा कपाळावरून खाली ओढला. पट्टीच्या कोपऱ्यात तीनचा आकडा होता.

"दुसऱ्या शनिवारनंतर आणि शुक्रवारच्या आधी बरणी उघडली गेली," कौमुदी म्हणाली, "आणि पुन्हा बंद केली गेली, तिसऱ्या पट्टीने. ती पट्टी तोमाशकडे असणं शक्य नव्हतं. ती एकाच माणसाच्या बॅगेत होती. त्या बॅगेला त्याच्याशिवाय कुणी हात लावत नाही, हे त्यानेच मला सांगितलं."

चंद्रहासने घसा खाकरला. पट्टी सैल झाली असेल म्हणून बदलली असेल, असे तो म्हणाला. आता नक्की आठवत नाही.

"बदललीत तर फाइलमध्ये नोंद का नाही? तुम्ही फ्रीजच्या तापमानातला अर्ध्या अंशाचा फरकही लिहिला आहे."

त्याने टायची गाठ सारखी केली.

"दुसरी गोष्ट. ही बिअर गढूळ आहे आणि तिला कणकेचा वास येतो. हे पावाचं यीस्ट आहे. तोमाशच्या घरी बिअरच्या यीस्टची अकरा पाकिटं आहेत. त्याला फसवायचं असतं तर त्यातलं एखादं घालून त्याने तुम्हाला अशी नितळ बिअर पाजली असती की ब्रेडालाही दोन घोट घ्यावे लागले असते. पावाचं यीस्ट कोण घालेल? ज्याला फरक माहीत नाही, आणि ज्याच्याकडे वेळ नाही. रविवारी सकाळी कॅरिगलाइनच्या पेट्रोल पंपावरच्या दुकानात जे मिळेल, ते घेणारा."

"पण मूळ यीस्ट गेलं कुठे?" फर्गलने विचारले.

"एक मिनिट," चंद्रहास मध्येच म्हणाला, आणि मराठीत वळला. "कौमुदी, ऐक माझं. बरणी फुटली म्हणून सांग. मी कबूल करतो, माझ्या हातून फुटली. पण पुढचं नको. तो प्रसाद होता. सव्वाशे माणसांनी खाल्लाय. जोशीकाका एकादशीला पाणीसुद्धा बघून पितात. मला मंडळात तोंड दाखवायला जागा राहणार नाही गं."

"तो काय म्हणतोय?" ब्रेडाने विचारले.

कौमुदीने त्याचे प्रत्येक वाक्य इंग्रजीत सांगितले. जोशीकाकांसकट.

मग तिने उरलेले सांगितले. चंद्रहासच्या आईला सव्वाशे माणसांसाठी एक तळलेली मिठाई करायची होती. तिचे पीठ आंबावे लागते आणि थंडीत ते आंबत नव्हते. फ्रीजच्या मागे एक बरणी सापडली. आत घट्टसर, आंबूस काहीतरी. मुलाने राखलेले विरजण, असे तिला वाटले. बरणीवर बिअर असे लिहिले असते तर त्या बाईने तिला स्पर्शही केला नसता. लिहिले नव्हते, कारण मुलाला आईपासून बिअर लपवायची होती. तिने पट्टी सोलली, अख्खी बरणी पिठात ओतली, आणि बरणी घासून ताटाळ्यात पालथी घातली. सकाळी चंद्रहासला ती तिथे दिसली. तेव्हा पीठ अजून कच्चे होते. वाटीभर पीठ बाजूला काढले असते तरी त्यातून डोनलचे यीस्ट वाचण्याची आशा होती. पण त्यासाठी एक वाक्य बोलावे लागले असते.

"तो बोलला नाही. त्याने पेट्रोल पंपावरून चार पाकिटं आणली, बाटलीतल्या बिअरमध्ये कालवून बरणी भरली, आणि माझ्या सहीची तिसरी पट्टी लावली. यीस्ट ते यीस्ट, असं त्याला वाटलं. डोनलचं यीस्ट त्या सकाळी तुपात तळलं गेलं. मीही खाल्लं."

बंदरावरून एका जहाजाचा भोंगा आला.

"माझ्याकडून चूक झाली," चंद्रहास इंग्रजीत म्हणाला. "पण माझ्या आईसाठी. तिला कळलं तर ती अन्न सोडेल."

"काकूंना मी मंगळवारी सांगितलं," कौमुदी म्हणाली, आणि या वेळी ती मराठीत बोलली, कारण ते वाक्य फक्त त्याच्यासाठी होते. "त्यांनी बिअरबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते तोमाशचं नाव. म्हणाल्या, म्या केलं ते न समजता केलं. त्यानं केलं ते समजून केलं. रविवारी मंडळाच्या सभेत त्या स्वतः उभ्या राहून सांगणार आहेत. तुम्ही आधी सांगायचं की नंतर, ते तुमचं तुम्ही ठरवा."

चंद्रहासचा चेहरा प्रथमच उतरला. क्लब, डोनल, तोमाश यांनी जे घडले नव्हते, ते मंडळाच्या नावाने घडले. त्याने कोटाचे बटण लावले. ब्रेडाकडे वळून तो सॉरी म्हणाला. तोमाशच्या शेजारून मात्र तो तसाच पुढे गेला. दार त्याने अतिशय हळू लावून घेतले, सभ्य माणसासारखे.

फर्गल टेबलाकडे पाहत म्हणाला की आपण आजच सर्वांना पत्र पाठवू. त्यात माझ्याही सहीचं सगळं लिहा, असे कौमुदीने त्याला सांगितले. कारखान्यात आपण सोमवारी स्वतः सांगू, असेही ती म्हणाली. मग ती तोमाशसमोर जाऊन उभी राहिली. माफी तिने घरून जुळवून आणली होती, तीन वाक्यांची. पहिलेच वाक्य त्याने हाताने थांबवले.

"तू विचारलंस ना," तो म्हणाला, "वास वेगळा होता तर मी कुणाला का विचारलं नाही?"

"हो."

"बरणी उघडली तेव्हाच मला कळलं होतं, हे डोनलचं नाही. बारा वर्षं मी ते हुंगलंय. पण पट्टीवर तुझी सही होती. म्हटलं, ही बाई औषधं तपासते, हिने पाहिलंय. म्हणजे माझंच नाक गेलं असणार. नाहीतर माझ्याच काढ्यात काही घाण गेली. पाच आठवडे मला वाटत होतं की ते मी मारलं." त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "म्हणून पिंपं देऊन टाकली. फर्गलच्या पत्राआधीच."

कौमुदीच्या उरलेल्या दोन वाक्यांना आता जागा नव्हती.

ब्रेडा उठली. तिने किटलीत पाणी भरले आणि भिंतीजवळची खुर्ची ओढून टेबलाशी आणली.

"बस, तोमाश," ती म्हणाली. "मी दार उघडलं नाही. त्याचं काय करायचं ते मला ठाऊक नाही. पण तू बस."

तो बसला. फर्गलही आपली खुर्ची पुढे ओढून बसला. ब्रेडाने तीन कप काढले, त्यांत दूध ओतले आणि तोमाशच्या कपात न विचारता दोन चमचे साखर घातली.

कौमुदी उभीच होती. तिला कुणी बस म्हणाले नाही, जा असेही कुणी म्हणाले नाही. तिने टेबलावरची वही मिटली, तोमाशच्या हाताजवळ सरकवली, कोट घातला, आणि आली तशी बाहेर पडली.